आईंना आमवात, काकूंची केमो चालू: लोहाचं सिरप आणि अँटिऑक्सिडंट द्यायचे का?

यावल तालुक्यातल्या एका भावांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ५४ वर्षांची, सहा वर्षांपासून आमवात, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट १५ मिग्रॅ चालू. काकू ४९ वर्षांची, स्तनाचा कर्करोग, केमोच्या दोन सायकल झाल्या. दोघींचं हिमोग्लोबिन नऊच्या घरात. ओळखीतल्या एकाने आठ हजारांचा संच आणून दिलाय, त्यात लोहाचं सिरप, ‘अँटिऑक्सिडंट’ कॅप्सूल (ऑक्सिडेशनने, म्हणजे ऑक्सिजनमुळे, पेशींची होणारी झीज रोखणारी मानतात ती) आणि गुळवेलीचा रस आहे. आईचं फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचं माप, ८६, त्यापुढे लॅबने काहीच खूण केलेली नाही. काकूचं ४१०, त्यापुढे वर दाखवणारा बाण. भाऊ विचारतात, एकीला लोह पुरेसं आणि दुसरीला जास्त, मग रक्त कमी का? आणि हा संच दोघींना चालेल का?

भाऊ, आधी सरळ उत्तर देते. संच दोघींनाही देऊ नका. आईंच्या शरीरात लोह खरोखर कमी आहे असं रिपोर्टवरून दिसतं, त्यांना लोह लागेल, पण मोजून आणि कारण शोधून. काकूंना तोंडाने लोह देऊन फार काही हाती लागणार नाही, त्यांचा निर्णय केमो देणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. आणि अँटिऑक्सिडंट कॅप्सूल केमो चालू असताना नकोच. आता हे असं का, ते नीट सांगते, कारण कारण कळलं की पुढच्या वेळी कोणी नवा डबा घेऊन आलं तरी तुम्हाला स्वतःच ठरवता येईल.

आपल्याकडे थकवा आला, धाप लागली की “रक्त कमी शे” म्हणतात आणि मेडिकलमधून लाल सिरप येतं. रक्त कमी असणं आणि लोह कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोह कमी झालं तर रक्त कमी होतं हे खरं. पण बी१२ कमी असेल, किडनी थकली असेल, केमोने अस्थिमज्जा (हाडांच्या आतली रक्त तयार करणारी जागा) दबली असेल, सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार) असेल किंवा शरीरात कुठेतरी सतत दाह (इन्फ्लमेशन) चालू असेल, तरीही रक्त कमी होतं. तुमच्या घरातल्या दोन्ही आजारांत हा दाहच मधे येतो.

शरीरात एकूण लोह असतं ३ ते ४ ग्रॅम. रोज नवं रक्त तयार करायला २० ते २५ मिग्रॅ लोह लागतं, पण जेवणातून रक्तात पोचतं फक्त १ ते २ मिग्रॅ. बाकीचं सगळं जुन्या रक्तपेशींमधून परत मिळतं. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, मग प्लीहा आणि यकृतातल्या सफाई करणाऱ्या पेशी तिला मोडतात, लोह काढून घेतात आणि पुन्हा रक्तात सोडतात. या सोडण्याच्या दाराची किल्ली यकृताकडे आहे. यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक तयार करतं. हेप्सिडिन वाढलं की सफाई पेशींमधलं लोह बाहेर येत नाही आणि आतड्यातूनही नवं लोह आत येत नाही. जंतूंनाही वाढायला लोह लागतं, म्हणून संसर्ग झाला की शरीर लोह कोंडून ठेवतं. ही मुळात चांगली सोय आहे. पण आमवातात सांध्यांतून आणि कर्करोगात गाठीतून दाहाचे तेच निरोप यकृताला महिनोन्‌महिने जात राहतात, आणि दार बंदच राहतं. कणगी भरलेली आहे पण झाकण उघडत नाही, आणि चुलीवर पीठ नाही, अशी घराची स्थिती होते.

फेरिटिन हे कणगीतल्या साठ्याचं माप. मात्र दाह असला की ते साठ्याशिवायही वाढतं. लॅबच्या कागदावर जी नॉर्मल पट्टी छापलेली असते ती निरोगी माणसाची. निरोगी बाईचं फेरिटिन ३० च्या खाली गेलं तर आपण लोह कमी म्हणतो. दाह असलेल्या माणसात ती रेघ १०० पर्यंत वर सरकते. म्हणून आईंचं ८६ हे लॅबला नॉर्मल दिसलं तरी मला दिसत नाही.

पण एकट्या फेरिटिनवर थांबायचं नाही. त्याच्या सोबतीला सीरम आयर्न (रक्तात फिरणारं लोह) आणि टीआयबीसी (रक्ताची लोह वाहून नेण्याची एकूण क्षमता) हवंच, त्यांच्यावरून ट्रान्सफरिन सॅच्युरेशन निघतं, म्हणजे त्या क्षमतेचा किती भाग लोहाने भरलाय ते. सीरम आयर्नला टीआयबीसीने भागा आणि १०० ने गुणा. तुम्ही दिलेल्या आकड्यांत आईंचं आयर्न ३२ आणि टीआयबीसी २४०, म्हणजे सॅच्युरेशन १३ टक्के. काकूंचं ३८ आणि २२०, म्हणजे १७ टक्के. २० च्या खाली म्हणजे मज्जेला लोह पोचत नाही. आता दोघींचे कागद शेजारी ठेवा. सॅच्युरेशन दोघींचंही कमी आहे. आईंचं फेरिटिन १०० च्या खाली, म्हणजे साठाही कमी आणि दारही अर्धं बंद. काकूंचं फेरिटिन १०० च्या बरंच वर, म्हणजे साठा आहे पण मिळत नाही. आईंचा सीआरपी (दाह मोजणारी रक्ततपासणी) ३८ आहे, म्हणजे दाह चालू आहे, याची ती साक्ष. एरवी निव्वळ लोह कमी असतं तेव्हा टीआयबीसी ४०० च्या आसपास किंवा वर जातं. इथे ते २४० वर बसलंय, तेही दाहामुळेच.

ही तपासणी सकाळी उपाशीपोटी करा आणि आदल्या दिवशी लोहाची गोळी किंवा सिरप घेऊ नका. नाहीतर सीरम आयर्न खोटंच वर दिसतं आणि सगळा हिशोब चुकतो. ताप असताना किंवा सांधे खूप सुजलेले असताना केली तर फेरिटिन फुगलेलं येतं, तेव्हा कागदावर तशी नोंद करून ठेवा.

आता आईंकडे वळू. लोह सुरू करण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: लोह गेलं कुठे? ५४ व्या वर्षी, पाळी गेलेली असताना लोह कमी होत असेल तर रक्त बहुतेक पोटातूनच जातंय असं धरून चालायचं, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. आमवाताच्या माणसाच्या घरात दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या असतातच. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, कधी सोबत प्रेडनिसोलोन. या गोळ्यांनी जठरात बारीक जखमा होतात, थोडं थोडं रक्त झिरपतं, दुखत नाही म्हणून कळत नाही. मेडिकलवाल्याकडून सुटी पुडी आणून घेत असतील तर तेही विचारा. घरचे बहुधा डॉक्टरांनी लिहिलेलंच सांगतात, सुटी पुडी सांगत नाहीत. शौच डांबरासारखी काळी, चिकट होते का? मूळव्याध आहे का? शौचातल्या लपलेल्या रक्ताची तपासणी करा. या वयात दुर्बिणीची तपासणी, म्हणजे वरून एंडोस्कोपी आणि खालून कोलोनोस्कोपी, डॉक्टरांनी सुचवली तर टाळू नका. आतड्याचा कर्करोग पुष्कळदा फक्त लोह कमी करूनच पहिल्यांदा दिसतो. सिरप देऊन हिमोग्लोबिन वर आणलं की हीच खूण पुसली जाते, म्हणून मला आधी सिरपची घाई नको वाटते.

शेतात अनवाणी काम असेल तर अंकुशकृमीही रक्त पितात. त्यावर अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅची एक गोळी पुरते, तीही डॉक्टरांना विचारून. शाकाहार असेल किंवा पॅन्टोप्राझोलसारखी अॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ तपासा. बी१२ कमी असताना नुसतं फॉलिक अॅसिड दिलं तर रक्त सुधारतं पण नसा बिघडत राहतात. पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो. आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या कुटुंबांत, चोपडा, यावल, रावेरपासून नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यापर्यंत, भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल बरंच आढळतं. तिथे रक्त कमी असतं ते पेशी लवकर मोडतात म्हणून, लोह संपलं म्हणून नव्हे. फेरिटिन न बघता वर्षभर लोह देत राहिलं तर नको तो साठा वाढतो, आणि शरीराला जास्तीचं लोह बाहेर टाकता येत नाही. घरात कोणाला सिकलसेल असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी (पहिली चाळणी चाचणी) आणि पुढे एचपीएलसी (निदान पक्कं करणारी चाचणी) करून घ्या. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे, त्यात ही तपासणी होते.

मेथोट्रेक्सेटबद्दल एक गोष्ट ठळक सांगते. ही गोळी आठवड्यातून एकदाच. रोज घेतली गेली तर अस्थिमज्जा बंद पडते आणि जीव जातो. हिमोग्लोबिनसोबत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही खाली आल्या असतील, तोंडात फोड आले असतील, तर लोहाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. त्यासोबतचं फॉलिक अॅसिड साधारणपणे मेथोट्रेक्सेटच्या दिवशी सोडून, आठवड्यातून ५ मिग्रॅ किंवा डॉक्टरांनी लिहिलं तसं घ्यायचं असतं. ते ‘नुसतं व्हिटॅमिन’ म्हणून बंद करू नका. त्याने मळमळ आणि यकृताचा त्रास कमी होतो.

समजा रक्तस्रावाचं कारण पाहिलं आणि डॉक्टरांनी लोह द्यायचं ठरवलं. किती? डब्यावरचा मोठा आकडा फसवा असतो. ‘फेरस फ्युमरेट ३०० मिग्रॅ’ लिहिलं असेल तर त्यात खरं लोह सुमारे १०० मिग्रॅ. फेरस सल्फेट २०० मिग्रॅच्या गोळीत ६० ते ६५. फेरस ग्लुकोनेट ३०० मध्ये जेमतेम ३५. नेहमी ‘एलिमेंटल आयर्न’ हा शब्द शोधा. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल लोह-फॉलिक गोळीत ६० मिग्रॅ एलिमेंटल लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं, आणि ती चांगली गोळी आहे. महागड्या सिरपपेक्षा तिच्यावर माझा जास्त विश्वास आहे.

ही गोळी रोज न देता एक दिवसाआड देते. ६० मिग्रॅ किंवा जास्त लोह एकदम घेतलं की हेप्सिडिन वाढतं आणि पुढचे २४ तास दार आणखी घट्ट लागतं. दुसऱ्या दिवशीची गोळी मग आतड्यातच राहते, मळमळ आणि बद्धकोष्ठ करते, आणि माणूस दहाव्या दिवशी गोळी सोडून देतो. एक दिवसाआड दिली तर प्रत्येक गोळीतलं जास्त लोह आत जातं आणि पोटही शांत राहतं. समजा मेथोट्रेक्सेट रविवारी असेल तर लोह सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि फॉलिक अॅसिड मंगळवारी. कॅलेंडरवर पेनाने खूण करा. गोळी सकाळी उपाशीपोटी, पाण्यासोबत. चहा आधी एक तास नाही, नंतर दोन तास नाही. आपल्याकडे हीच जागा सगळ्यात जास्त घसरते, कारण उठल्याबरोबर चहा आणि चहासोबतच गोळी. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. दूध, कॅल्शियमची गोळी, अॅसिडिटीची औषधं यांच्यापासून निदान दोन तास लांब. आईंना थायरॉइडची गोळीही चालू असेल (आमवातासोबत थायरॉइडचा आजार बऱ्याचदा असतो) तर लोह आणि थायरॉइड यांत चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) वाढतं आणि डोस उगाच चढवला जातो. वेगळी व्हिटॅमिन सीची गोळी लागत नाही, तिच्याने फार फरक पडत नाही असं चाचण्यांत दिसलंय. लोहाने शौच काळपट होते, ती घाबरण्यासारखी नाही. डांबरासारखी चिकट आणि दुर्गंधी असेल तर ते वेगळं. गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. लाल गोळी गोड समजून मूल मूठभर खातं आणि जीवावर बेततं.

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन बघा. किमान १ ग्रॅम वाढलं तर गोळी लागू पडली. मग हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही तीन महिने चालू ठेवायची, कणगी भरण्यासाठी. वाढलं नाही तर मात्रा दुप्पट करून काही होत नाही. सीआरपी ३८ असताना दार बंद असण्याची शक्यता आहेच. तेव्हा दोन वाटा आहेत: आमवात आधी आटोक्यात आणणं, आणि शिरेतून लोह. माझ्या मते पहिली वाट जास्त महत्त्वाची, कारण सांध्यांचा दाह उतरला की हेप्सिडिन आपोआप उतरतं आणि नुसत्या त्यानेच हिमोग्लोबिन वर येतं. म्हणून सीआरपी महिनोन्‌महिने ३० च्या वर असेल तर लोहाबद्दल विचारण्याआधी आमवाताच्या डॉक्टरांना ‘औषध वाढवायचं का’ हे विचारा.

शिरेतून लोह किती लागेल याचा एक जुना हिशोब आहे. वजन गुणिले (१५ वजा हिमोग्लोबिन) गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. आईंचं वजन ५५ धरलं तर ५५ × ५.६ × २.४ म्हणजे ७३९, अधिक ५००, एकूण सुमारे १,२४० मिग्रॅ. आयर्न सुक्रोज एका वेळी २०० मिग्रॅ जातं, म्हणजे सहा-सात फेऱ्या. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज एका वेळी १,००० मिग्रॅपर्यंत, साधारण १५ मिनिटांत जातं, म्हणजे दोन फेऱ्यांत काम. जळगावला प्रत्येक वेळी गाडीभाडं आणि एक माणूस सोबत, हा खर्च धरला तर महाग वाटणारं दुसरं औषध पुष्कळदा स्वस्त पडतं. दोन्ही जिथे रिअॅक्शनवर उपचार होऊ शकतात अशाच ठिकाणी घ्यायची, संपल्यावर अर्धा तास बसून राहायचं. सुई शिरेबाहेर गेली तर कातडीवर तपकिरी डाग पडतो, तो लवकर जात नाही, म्हणून जळजळ झाली की लगेच सांगा. ताप किंवा संसर्ग असताना शिरेतून लोह देत नाहीत. कार्बॉक्सिमाल्टोजने रक्तातलं फॉस्फेट उतरू शकतं. नंतर हाडं दुखू लागली, अंगात त्राण राहिलं नाही तर ते तपासायला सांगा. आणि शिरेतून लोह दिल्यावर चार ते आठ आठवडे फेरिटिन तपासू नका, ते काही खरं सांगत नाही.

जेवणाबद्दल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीत प्रौढ बाईला रोज २९ मिग्रॅ लोह हवं. केळी आमच्या भागाची शान, पण १०० ग्रॅम केळ्यात अर्धा मिग्रॅही लोह नसतं. बीटातही १ मिग्रॅच्या आतच, त्याचा लाल रंग रक्ताचा नाही. त्यापेक्षा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, बाजरी, मटकी, हरभरा, अळीव, पालेभाजी, आणि सोबत लिंबू, आवळा किंवा पेरू. मोड आणल्याने कडधान्यातलं लोह जास्त लागतं. लोखंडी कढईत अंबाडीची किंवा टोमॅटोची आंबट भाजी शिजवली तर तिच्यात लोह उतरतं, हा साधा आणि खरा उपाय आहे. मांसाहार असेल तर मटण, कलेजी यांतलं लोह सगळ्यात सहज शोषलं जातं. पण ९.४ चं हिमोग्लोबिन जेवणाने भरून निघेल अशी अपेक्षा ठेवू नका. जेवण पुन्हा घसरू नये म्हणून.

आता काकू. केमो चालू असताना रक्त कमी होण्याची तीन-चार कारणं एकत्र असतात. केमोने मज्जा दबते, दाहाने लोह कोंडतं, जेवण जात नाही, कधी रक्तस्राव असतो. फेरिटिन ४१० आणि सॅच्युरेशन १७ टक्के, याला कार्यात्मक लोह-कमतरता म्हणतात. इथे तोंडाने दिलेलं लोह आतड्याच्या बंद दारावर अडतं आणि वर मळमळ वाढवतं, जी केमोत आधीच असते. काही रुग्णांत डॉक्टर शिरेतून लोह देतात, काहींत हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर एरिथ्रोपोएटिनचं (मज्जेला लाल पेशी बनवायला लावणारं संप्रेरक) इंजेक्शन, आणि खूप खाली गेलं किंवा धाप लागली तर रक्त. कोणाला काय, हे आजाराचा टप्पा, केमो बरं करण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी, आणि पुढची सायकल कधी, यावर अवलंबून आहे. एरिथ्रोपोएटिनने रक्ताच्या गाठी होण्याचा आणि कर्करोग वाढण्याचाही धोका असू शकतो, म्हणून बरं होण्याची आशा असलेल्या रुग्णाला ते सहसा देत नाहीत. केमोत लाल रंगाचं औषध, डॉक्सोरुबिसिन, असेल तर ते हृदयावर भार टाकतं, म्हणून त्याच दिवशी शिरेतून लोह नको. सायकलच्या आधी किंवा नंतर दिवस ठरवून घ्या.

‘लोहाने कर्करोग वाढतो’ असंही तुम्ही ऐकलंय. पेशी वाढायला लोह लागतं हे खरं, आणि शरीरात वर्षानुवर्षं लोह साचलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो, हेही खरं. म्हणून कमतरता नसताना लोह देऊ नये. पण कमतरता सिद्ध झाल्यावर मोजून दिलेलं लोह रोखून माणसाला निष्कारण थकवत ठेवण्यातही अर्थ नाही.

अँटिऑक्सिडंटचा भाग मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो, कारण तो निरुपद्रवी समजला जातो. रेडिएशन आणि काही केमो औषधं कर्करोगाच्या पेशीत ऑक्सिडेशनचा मारा करूनही तिला मारतात. मोठ्या मात्रेतलं अँटिऑक्सिडंट हा मारा बोथट करू शकतं. हे नुसतं कागदावरचं गणित नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत रोज २० मिग्रॅ बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. ते १९९४ साली जाहीर झालं. अमेरिकेतल्या १८,३१४ जणांच्या चाचणीत बीटा कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ए देणं १९९६ मध्ये मधेच थांबवावं लागलं, कारण तिथेही कर्करोग वाढत होता. नंतर ३५,५३३ पुरुषांना व्हिटॅमिन ई ४०० युनिट किंवा सेलेनियम देऊन पाहिलं, तर २०११ च्या निष्कर्षात ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त. कॅनडात डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांना रेडिएशनच्या वेळी व्हिटॅमिन ई दिलं, तर गोळ्या चालू असताना नवे कर्करोग जास्त दिसले. घरात बिडी-सिगारेट ओढणारं कोणी असेल तर बीटा कॅरोटीनची कॅप्सूल त्यांनाही नको.

काकूंच्या आजाराशी जवळचा एक अभ्यास २०२० मध्ये अमेरिकेतून आला. स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे ११०० रुग्णांकडून केमोआधी आणि केमोच्या काळात कुठल्या गोळ्या घेतल्या ते लिहून घेतलं. अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत आजार परत येण्याचं प्रमाण जास्त दिसलं, पण तो फरक पक्का म्हणण्याइतका नव्हता. बी१२ आणि लोह घेणाऱ्यांत तो जास्त स्पष्ट होता. साध्या मल्टिव्हिटॅमिनचा तसा संबंध दिसला नाही. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, आधीच जास्त अशक्त असलेल्यांनीच लोह घेतलं असणं शक्य आहे. म्हणून मी यावरून ‘लोह विष आहे’ असं म्हणत नाही, पण तपासणीशिवाय लोह आणि बी१२ असलेली कॅप्सूल केमोत देऊ नका एवढं तरी यातून नक्की घ्यावं.

जेवणातली हळद, आवळा, टोमॅटो, फळं यांना ही मनाई नाही. ताटातली मात्रा आणि कॅप्सूलमधली मात्रा यांत फार अंतर असतं. भाजीतली हळद चिमूटभर, तर अर्काच्या कॅप्सूलमध्ये कर्क्युमिन ५०० मिग्रॅ आणि शोषण वाढवायला मिऱ्याचं पिपरिन. पिपरिन इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण बदलू शकतं, आणि अशा अर्कांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

तुमच्या संचातली कॅप्सूल उलटी करून मागचं लेबल वाचा. व्हिटॅमिन ई ४०० युनिट, सेलेनियम, झिंक, बायोटिन अशी नावं दिसतील. झिंक रोज ४० मिग्रॅच्या वर महिनोन्‌महिने गेलं तर तांबं कमी होतं, आणि त्यानेच लोहाला दाद न देणारा रक्तक्षय होतो. बायोटिन ५-१० मिग्रॅ असेल तर थायरॉइड आणि हृदयाच्या काही रक्ततपासण्या चुकीच्या येतात, तपासणीआधी दोन-तीन दिवस ते बंद करावं लागतं. फॉलिक अॅसिड असेल आणि काकूंना पुढे कॅपेसिटाबिन नावाच्या केमोच्या गोळ्या लागल्या, तर फॉलिक अॅसिडने त्यांचा त्रास वाढतो, जुलाब आणि हातपाय सोलणं. उलट पेमेट्रेक्सेड नावाच्या केमोत फॉलिक अॅसिड आणि बी१२ मुद्दाम द्यावंच लागतं. एकच गोळी एका औषधासोबत नको आणि दुसऱ्यासोबत हवी, म्हणून बाहेरून आलेला एकच संच सगळ्यांना लागू होत नाही.

गुळवेल आईंना मुळीच नको. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती कमी नसते, ती चुकीच्या ठिकाणी लढत असते. तिला ‘वाढवणारी’ औषधं तिथे तेल ओततात. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं, त्यात शरीर स्वतःच्याच यकृतावर हल्ला करतं तसं चित्र होतं. मेथोट्रेक्सेट स्वतःही यकृतावर भार टाकतं. दोन्ही एकत्र नको. स्पिरुलिना (शेवाळाची पूड) आणि अल्फाल्फाच्या गोळ्यांचंही तेच. अल्फाल्फा म्हणजे आपण गुरांना घालतो तो लसूणघास. त्यात कॅनाव्हानिन नावाचा घटक असतो आणि त्याने ल्युपस (आमवातासारखाच, शरीर स्वतःवरच हल्ला करण्याचा आजार) भडकल्याच्या नोंदी आहेत. काकूंसाठी गव्हांकुराचा कच्चा रस कोणी सुचवला तर तोही पांढऱ्या पेशी कमी असताना नको, कच्च्या रसातून जंतू जातात.

व्हिटॅमिन डी मात्र थोडं वेगळं. अमेरिकेत २५,८७१ जणांना रोज २,००० युनिट देऊन पाहिलं, तर पाच वर्षांत नवे ऑटोइम्यून, म्हणजे शरीर स्वतःवरच हल्ला करण्याचे, आजार सुमारे २२ टक्के कमी झाले. पण ते आजार टाळण्याबद्दल आहे, झालेला आमवात त्याने बरा होत नाही. कमी असेल तर ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, आठ आठवडे, मग महिन्याला एक. आठवड्याची पुडी वर्षभर चालू राहिली तर कॅल्शियम वाढून उलट्या, खूप लघवी, किडनीला इजा होते. काकूंच्या हाडात आजार गेला असेल तर कॅल्शियम आधीच जास्त असू शकतं, म्हणून त्यांना तपासल्याशिवाय पुडी नको.

सेलेनियम थायरॉइडमुळे डोळे बाहेर येण्याच्या सौम्य त्रासात सहा महिने, दिवसातून दोनदा १०० मायक्रोग्रॅम, उपयोगी पडलंय. आमवातात तसं काही नाही, आणि जास्त झालं तर केस गळतात, नखं तुटतात.

पुढच्या भेटीला जाताना काकूंच्या आणि आईंच्या दोन वेगळ्या पिशव्या करा. प्रत्येकीच्या पिशवीत घरातलं सगळं टाका: स्ट्रिप, सुट्या पुड्या, सिरप, काढ्याची बाटली, कोणी दिलेली भस्मं सुद्धा. काकूंची पिशवी केमोच्या सायकलआधी कर्करोगाच्या डॉक्टरांसमोर रिकामी करा आणि विचारा: लोह शिरेतून द्यायचं आहे का, कुठल्या तारखेला, आणि यातलं काय बंद करायचं. आईंच्या भेटीत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी, बी१२, क्रिएटिनिन (किडनीसाठी), एसजीपीटी (यकृतासाठी) आणि शौचाची तपासणी झालेली असू द्या. केमोच्या काळात काकूंना १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर सकाळची वाट न बघता थेट दवाखाना गाठा.